बोडीची धूळ आणि बेलापूरचा बुरूज

परवा रविवारी सासऱ्यांना घेऊन बेलापूरच्या किल्ल्यावर गेले. किल्ला म्हणजे काय, तर किल्ले गावठाणाजवळ उभा असलेला बुरूज, थोडीफार पडकी भिंत आणि बाकी झाडोरा. सिद्दी, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज असा सगळ्यांच्या हातून गेलेला. पिंपळाची मुळं बुरुजाच्या सांध्यांत मनगटाएवढी जाड झालीत. एका मुळाने तर वरचा दगड चांगला चार बोटं पुढे ढकललाय. बाबांनी तो हात लावून पाहिला आणि म्हणाले, "हे सगळं साफ करून सिमेंट मारायला हवं. लॉन, लायटिंग, एखादा सेल्फी पॉइंट. मग बघ लोक कसे येतात ते!"

इथे माझं डोकं फिरलं, कारण बोडी, म्हणजे कॅलिफोर्नियातलं सोन्याच्या खाणीचं ओसाड पडलेलं गाव, अजून डोक्यातून गेलेलं नव्हतं.

उन्हाळ्यात भावाकडे रीनोला गेले होते. सॅन फ्रान्सिस्को, लेक टाहो वगैरे झालं, फोटो सगळ्यांनी पाहिलेत. बोडीला मात्र भाऊ जबरदस्तीने घेऊन गेला. शेवटचे तीन मैल कच्चा रस्ता, गाडी अशी थडथडत होती की माझी कंबर ठाण्याला पोचल्यावरच सरळ झाली. वर ८,३०० फुटांहून जास्त उंची, चार पावलांत धाप. खायला काहीही मिळत नाही. आम्ही थेपले नेले होते म्हणून वाचलो.

१८५९ मध्ये बोडी नावाच्या माणसाला इथे सोनं सापडलं आणि त्याच हिवाळ्यात तो बर्फाच्या वादळात गेला. त्याच्या नावाचं गाव काही त्याने पाहिलं नाही. १८८० च्या आसपास तिथे आठेक हजार लोक राहत होते. मग सोनं आटलं, माणसं पांगली, १९३२ च्या आगीत बरंचसं गाव जळालं आणि १९४२ मध्ये युद्धकाळातल्या सरकारी हुकमाने खाणकाम थांबलं. बरीचशी मालमत्ता केन कुटुंबाकडे होती आणि त्यांनी राखणदार ठेवले होते, म्हणून उरलंसुरलं लुटलं गेलं नाही. १९६२ पासून ते राज्याचं उद्यान आहे. आज शंभराच्या वर इमारती उभ्या आहेत, म्हणजे मूळ गावाचा जेमतेम विसावा हिस्सा.

आणि ते जपतात कसं? छप्पर गळलं तर दुरुस्त करतात, घर कलायला लागलं तर टेकू देतात, फुटलेली काच बदलतात. बास. रंग नाही, पॉलिश नाही. बहुतेक घरांत आत सोडत नाहीत, काचेला नाक लावून बघायचं. दुकानाच्या फळ्यांवर डबे-बाटल्या तशाच, वर धुळीची साय. शाळेत बाकं, पुस्तकं, पृथ्वीचा गोल. तिथून मी बराच वेळ हललेच नाही. वहिनी गाडीतून हॉर्न देत होती.

तिथून खिळासुद्धा उचलायचा नाही, उचलला तर शाप लागतो म्हणे. लोक खरंच चोरलेल्या वस्तू माफीच्या पत्रासकट पोस्टाने परत पाठवतात. आपल्या किल्ल्यांवरही असला एखादा शाप सोडायला हवा: बदाम कोरून नाव घालणाऱ्याचं लग्न मोडेल. बेलापूरच्या बुरुजावर निदान दोन संसार तरी नक्की बुडतील.

हे सगळं बाबांना तिथेच उभं राहून ऐकवलं. पिंपळ काढा, तो दगड जागेवर बसवा, सांधे चुन्याने भरा आणि गप्प बसा, लॉन कसलं लावताय? त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आणि तिकीट?"

"असतं तिथे."

"पडकी घरं बघायला? पैसे देऊन?"

रिक्षात बसेपर्यंत त्यांचं हेच चालू होतं. सीवूड्सला वडापाव खाताना एवढं कबूल केलं की सेल्फी पॉइंट नको. लॉनवर अजून ठाम आहेत.