ओहायोचे बार्न, एक गिरणी आणि अण्णांचा अंगठा

ऑक्टोबर आला की मी कॅमेरा घेतो आणि कोलंबसच्या बाहेर मिळेल त्या गावरस्त्याला लागतो, जुने बार्न (शेतावरची मोठी लाकडी कोठारं) आणि जुन्या गिरण्या शोधत. बायको आता येत नाही. तिच्या मते माझ्याकडे एकाच बार्नचे चारशे फोटो आहेत. यंदा अण्णा, म्हणजे माझे वडील, सहा महिन्यांसाठी आलेत आणि घरात बसून कंटाळलेत, मग काय, ते सापडले.

पहिल्या शनिवारी बेलमाँट काउंटी. आय-७० हा हायवे सोडून जुन्या रूट ४० ला लागलो. तिकडे बार्नच्या अख्ख्या भिंतीवर 'मेल पाऊच तंबाखू चघळा' असं पुरुषभर उंचीच्या अक्षरात रंगवलेलं असतं, काळ्यावर पांढरं-पिवळं. अण्णांना अर्थ सांगितला तर म्हणाले, "म्हणजे ह्यांची गाय छाप." हार्ली वॉरिक नावाचा याच भागातला माणूस १९४६ ते १९९२ हे एकच काम करत होता, नवे आणि पुन्हा रंगवलेले धरून वीसेक हजार बार्न त्याच्या हातचे. सुरुवात नेहमी 'च्यू' (CHEW, म्हणजे चघळा) मधल्या 'ई' पासून करायचा, आणि का असं विचारलं तर त्यालाही सांगता यायचं नाही. शेतकऱ्याला जाहिरातीचे थोडेफार पैसे मिळायचे आणि भिंतीला रंग लागायचा तो वेगळाच. हे ऐकून अण्णा एकदम उखडले. "आमच्या गिरणीची भिंत पंपवाल्यांनी रात्रीत रंगवली होती, पैसे सोडा, विचारलं पण नाही!" ४० वर्षांपूर्वीचा राग, रूट ४० वर निघाला.

टिप द्यायची तर रस्त्यावरूनच फोटो काढा, कोणाच्या शेतात शिरू नका. मी शिरलो. घोट्यापर्यंत चिखल, मागे कुत्रा, आणि अण्णा गाडीत बसून हसतायत.

दुसरा शनिवार ॲडम्स काउंटीत, बार्नवर रंगवलेल्या गोधड्या बघायला. डोना सू ग्रोव्ह्ज या बाईंनी आईसाठी म्हणून ही कल्पना काढली, २००१ मध्ये तिथे पहिली रंगली आणि मग देशभर पसरलं. दिवसभर पाऊस. एक फोटो धड नाही.

तिसऱ्या शनिवारी मात्र ग्रीनव्हिलजवळची बेअर्स मिल. १८४९ ची, चार मजली, लाकडी, आणि अजून पाण्यावर चालते. बाहेरून चाक वगैरे काही दिसत नाही, टर्बाइन खाली पाण्यात आहे, त्यामुळे फोटोवाल्यांची जरा निराशा होते (माझी झाली). मी बाहेर ओढ्याच्या कडेला ट्रायपॉड लावत बसलो, ऊन येतंय जातंय, आणि अर्ध्या तासाने लक्षात आलं की अण्णा नाहीयेत.

आत पळालो. दळण चालू होतं, पायाखालची जमीन थरथरत होती आणि अण्णा पीठ पडतं तिथे उभे, न विचारता हात आत घातलेला. "अण्णा, हात काढा!" मी मराठीतच ओरडलो. त्यांनी ऐकलंच नाही. चिमूटभर पीठ अंगठा आणि बोटात घेऊन हळूहळू चोळत होते. बार्शीत तीस वर्षं गिरणी चालवली त्यांनी, दर दळणाला हेच करायचे, पीठ किती बारीक झालंय, गरम लागतंय का ते डोळ्यांनी नाही, अंगठ्याने बघायचे. मी सॉरी म्हणायला त्या गिरणीवाल्याकडे वळलो तर तो दुसऱ्या बाजूने हात घालून तसाच अंगठा चोळत होता.

मग माझी दुभाष्याची नोकरी सुरू झाली. "विचार त्याला, टाकी कोण लावतं?" आता दगडाला टाकी लावण्याला इंग्रजीत काय म्हणतात मला कुठे माहीत! हातोडा-छिन्नीचे हातवारे केले. तो म्हणाला, ओ, ड्रेसिंग. अण्णा म्हणाले, "ड्रेसिंग? जखमेला करतात ते?" दगड फ्रान्समधून आलेला आहे हे कळल्यावर अण्णांनी दोन्ही हात जोडले, गिरणीवाल्याला की दगडाला ते कळलं नाही.

नंतर दळणाचा रेट. तो म्हणाला आम्ही धान्य विकत घेतो, दळतो, पिशवीत भरून विकतो.

"म्हणजे डबा घेऊन कोणी येत नाही?"

"नाही."

"मग हा गप्पा कुणाशी मारतो दिवसभर?"

हे मी भाषांतर केलं नाही. गरजही नव्हती, कारण पुढचा तासभर तो माणूस आमच्याशीच बोलत होता, म्हणजे मशीनकडे बोट दाखवून इंग्रजीत, आणि अण्णा पट्टा कसा सरकतो ते मराठीत. मी मध्ये मध्ये "हो, हो" करत होतो. बाहेर ऊन मस्त पडलं होतं तेव्हा मी आत, आणि बाहेर आलो तर ढग. त्या दिवसाचे एकूण फोटो नऊ.

मक्याच्या पिठाची पिशवी घेतली. कॉर्नब्रेडसाठीचं पीठ, रवाळ असणारच, पण अण्णांना घरी आल्या आल्या भाकरी थापायची होती. पहिली परातीतच मोडली, दुसरी तव्यावर टाकताना. अण्णांनी पिशवी उचलली, तोंड दोऱ्याने बांधलं आणि दाराजवळ नेऊन ठेवली.

"पुढच्या शनिवारी जाऊ. परत फिरवून आणू."