शून्य विभवाचा बिंदू

दहावीपर्यंत मराठीतून शिकून विज्ञान शाखेला गेलेल्या आम्हा वऱ्हाडातील खेड्यांतल्या मुलांना विषयापेक्षा इंग्रजी पुस्तकाचीच धास्ती अधिक होती. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने शाळा आठवताना मला बारावीचे विद्युत विभवाचे, म्हणजे एखाद्या बिंदूवर एकक प्रभारामागे किती विद्युत स्थितिज ऊर्जा असते ते सांगणाऱ्या राशीचे, प्रकरण प्रथम आठवते, कारण आमच्या भौतिकशास्त्राच्या सरांनी ते मराठीतून, फळ्यावर आकडे मांडत शिकवले.

त्याआधी विद्युत क्षेत्राची गणिते झाली होती. क्षेत्र, म्हणजे एकक धन प्रभारावर लागणारे बल, ही सदिश म्हणजे दिशा असलेली राशी असल्याने प्रत्येक प्रभारासाठी घटक काढा, कोन पाहा, या खटाटोपाला वर्ग कंटाळला होता. विभव मात्र अदिश, म्हणजे दिशा नसलेले. प्रत्येक बिंदुप्रभाराला त्याच्या अंतराने भागून 9 × 10⁹ ने गुणायचे आणि येणाऱ्या संख्या चिन्हांसकट मिळवायच्या, एवढे ऐकून मागच्या बाकांवरही उत्साह आला. अनंत अंतरावर विभव शून्य मानले आहे, ही अट सर दर वेळी फळ्याच्या कोपऱ्यात लिहीत.

मग त्यांनी +3 आणि −3 नॅनोकूलोंबचे प्रभार एकमेकांपासून 60 सेंटिमीटरवर मांडले. मध्यबिंदूवर एकाचे विभव 90 व्होल्ट, दुसऱ्याचे उणे 90, बेरीज शून्य. वर्गाने उत्तर एका सुरात दिले. सर म्हणाले, "शून्य आलं म्हून तिथं काईच नाई, असं समजू नोका." धन प्रभाराचे क्षेत्र तिथे ज्या दिशेला, त्याच दिशेला ऋण प्रभाराचेही, त्यामुळे प्रत्येकी 300 मिळून मीटरला 600 व्होल्ट एवढे क्षेत्र त्या बिंदूवर असते. नंतर त्यांनी उणे चिन्ह पुसून दोन्ही प्रभार धन केले, तर विभव 180 व्होल्ट झाले आणि क्षेत्र शून्य. एका जागेच्या विभवाच्या आकड्यावरून क्षेत्र कळत नाही. आजूबाजूला विभव किती झपाट्याने बदलते, यावरून ते कळते. माझ्या मते हे उदाहरण सूत्राच्याही आधी द्यावे. चौरसाच्या कोपऱ्यांवर चार प्रभार ठेवण्याची गणिते त्यानंतर किरकोळ वाटतात, परीक्षेत गुण त्यांनाच असले तरी.

मृगाच्या पेरणीत वीज पडून जनावरे दगावल्याच्या बातम्या आमच्याकडे दर वर्षी येत, म्हणून कोणीतरी त्याविषयी विचारले. सरांनी सांगितले की वीज जमिनीत शिरते तिथून प्रवाह चहूबाजूंना पसरतो, आणि जमीन सर्वत्र सारखी मानली तर तिचे विभवही बिंदुप्रभाराच्या विभवाप्रमाणेच अंतराच्या व्यस्त प्रमाणात उतरत जाते. बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांतील अंतर माणसाच्या दोन पावलांतील अंतरापेक्षा जास्त, म्हणून त्यांमधील विभवांतरही जास्त, शिवाय प्रवाहाची वाट छातीतून जाणारी. उघड्या शिवारात अडकल्यास झाडाखाली थांबू नये, आडवे पडू नये, पाय जुळवून उकिडवे बसावे, यामागचे कारण त्यांनी त्याच सूत्रावरून आमच्याकडून काढून घेतले आणि ते घरी जाऊन सांगायला लावले.