पांढऱ्या फळ्यावरचा आकडा

रविवार, रात्री साडेअकरा

काल रात्री ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ ही अंतराळमालिका संपली: सायलॉन यंत्रमानवांनी माणसांची जगं उद्ध्वस्त केल्यावर उरलेली माणसं जहाजांच्या ताफ्यातून पळताहेत, ती. माझी तिसरी खेप, माझ्या लेकीची, मनूची पहिली. दादा दोन दिवसांसाठी ठाण्याहून सांगलीला आला होता, तोही शेवटच्या भागांना आमच्यासोबत बसला. मालिका संपली, दिवा लावला, आणि तिथून जो वाद पेटला तो आज दुपारी दादाला स्टँडवर सोडेपर्यंत चालला. आता घर शांत आहे. मला झोप लागत नाहीये, कारण जे म्हणायचं होतं ते वादाच्या भरात धड म्हणता आलं नाही. इथे लिहून काढते.

दादाचं म्हणणं तो गेली पंधरा वर्षं एकाच ठामपणे मांडतो. ज्या लेखकाला आपल्या गोष्टीचा शेवट ठाऊक नाही, त्याचं लेखन चांगलं असूच शकत नाही. त्याचा देव म्हणजे ‘बॅबिलॉन ५’ ही दुसरी अंतराळमालिका. जे. मायकल स्ट्राझिन्स्की या एका माणसानं पाच वर्षांची कथा आधी आखली आणि ११० पैकी ९२ भाग स्वतः लिहिले. तिसरं आणि चौथं वर्ष तर सगळंच्या सगळं त्याचं. याउलट गॅलॅक्टिकाच्या सुरुवातीला प्रत्येक भागात पडद्यावर लिहून यायचं की सायलॉन यंत्रमानवांकडे एक योजना आहे. प्रत्यक्षात लेखकांकडेच ती नव्हती. माणसांत माणसांच्या रूपात वावरणारे शेवटचे पाच छुपे सायलॉन कोण, हे त्यांनी तिसऱ्या वर्षात येऊन ठरवलं, आणि नंतर तसं मोकळेपणानं सांगितलंही. दादाच्या लेखी ही प्रेक्षकाची फसवणूक आहे. “पाया न घालता माडी चढवली, आणि शेवटी ती कोसळली,” असं तो म्हणाला.

हे मला तोडून टाकता येत नाही. ‘बॅबिलॉन’मधले लोंडो आणि जकार म्हणजे दोन शत्रू-ग्रहांचे राजदूत. त्यातल्या लोंडोचं स्वप्न मलाही आठवतं. बॅबिलॉनच्या १९९४ मधल्या पहिल्याच भागात लोंडो सांगतो की आपण कसे मरणार हे त्याला स्वप्नात दिसलंय: तो आणि जकार एकमेकांचे गळे धरून मरणार. आपण समजतो, दोन शत्रूंचा शेवट, दुसरं काय. तिसऱ्या वर्षात ते दृश्य खरोखर समोर येतं आणि कळतं की म्हातारा लोंडो स्वतःच जकारला विनवतोय, मला मार, माझ्या मानगुटीवर बसलेला हा जीव जागा व्हायच्या आत मार. चित्र तेच, हाताची पकडही तीच, अर्थ पार उलटा. हे आधी ठरवल्याशिवाय होत नाही. मी दादाला तसं म्हटलंही.

पण आखणी असली म्हणजे ती पार पडतेच असं नाही ना. पहिल्या वर्षानंतर त्या मालिकेला नायकच बदलावा लागला. चौथ्या वर्षी वाहिनीचं भवितव्य डळमळलं, म्हणून दोन वर्षांची कथा एका वर्षात कोंबली, आणि मग अचानक पाचवं वर्ष मिळाल्यावर हातात मालच उरला नाही. दादा पाचव्या वर्षाबद्दल बोलत नाही. तो विषय निघाला की उठून चहा टाकतो.

मला आखणीपेक्षा वेगळं काहीतरी हवं असतं. त्याला मी मनात ‘हिशेब’ म्हणते. बाबा रोज रात्री जमाखर्च लिहायचे, चार आण्याचं पोस्टकार्डसुद्धा. उद्या काय खर्च होणार हे त्यांना ठाऊक नसायचं, पण काल काय झालं ते वहीत असायचं आणि ते खोडता यायचं नाही. मालिकेकडून माझी तेवढीच मागणी आहे.

हे मला पहिल्यांदा जाणवलं ते ‘स्टार ट्रेक’च्या ‘व्हॉयेजर’मुळे. लहानपणी रविवारी सकाळी दूरदर्शनवर जुनं ‘स्टार ट्रेक’ लागायचं, दादा आणि मी शेजाऱ्यांकडे जाऊन बघायचो. त्यामुळे या नावावर जीव होता. १९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘व्हॉयेजर’ची कल्पना तर मला आजही अप्रतिम वाटते. एक जहाज घरापासून ७० हजार प्रकाशवर्षं लांब फेकलं गेलंय, परतायला ७५ वर्षं लागणार, आणि जहाजावर अधिकारी नि बंडखोर एकत्र. पहिल्याच वर्षात सांगतात की आपल्याकडे ३८ टॉर्पेडो आहेत, संपले की संपले. मी ऐकून सरसावून बसले होते. आता प्रत्येक टॉर्पेडो जपून वापरणार, कुणावर टाकायचा यावरून भांडणार. पण कुणीच भांडलं नाही. ३८ कधीच उलटून गेले. जगभरच्या चाहत्यांनी भागागणिक ते मोजलेत. बंडखोर बघता बघता गणवेश घालून शहाण्यासारखे कामाला लागले. १९९७ मधल्या एका जोडभागात जहाजाची अक्षरशः चाळण होते, माणसं आंधळी होतात, मरतात, मी श्वास रोखून बघत होते. आणि शेवटी काळच मागे फिरवतात. कुणालाच काही आठवत नाही. त्या रात्री मला रडू आलं होतं. गोष्ट दुःखी म्हणून नव्हे, दुःख परत घेतलं म्हणून.

असे टॉर्पेडो मोजणाऱ्या चाहत्यांना लोक किरकोळ बाबींवर अडून बसणारे म्हणतात. मला ते पटत नाही. त्यांनी लेखकाचा शब्द खरा मानला होता. शब्द खरा मानणारा वाचकच हिशेब विचारतो.

आता यातली गंमत ही, की रॉनल्ड मूर १९९९ मध्ये थोडे दिवस ‘व्हॉयेजर’च्या लेखकांत होता. तिथे पटलं नाही, सोडून गेला, आणि त्या मालिकेबद्दलची आपली नाराजी त्यानं उघड बोलून दाखवली. चार वर्षांनी त्यानं गॅलॅक्टिका नव्यानं रचली, आणि राष्ट्राध्यक्षांच्या खोलीत एक पांढरा फळा टांगला. फळ्यावर एकच आकडा: किती माणसं उरली.

‘३३’ या भागापासून तो आकडा सुरू होतो. दर ३३ मिनिटांनी सायलॉन येतात, पाच दिवस कुणी झोपलेलं नाही, आणि लॉरा रॉझलिन फळ्यावरचा आकडा पुसून पुन्हा पुन्हा कमी करते. ही बाई कालपर्यंत शिक्षणमंत्री, वारसाक्रमात ४३ वी, आता राष्ट्राध्यक्ष. भागाच्या शेवटी एका जहाजावर मूल जन्मतं. ती फळ्यापाशी जाते, पुसते, आणि पहिल्यांदाच एक वाढवून लिहिते. ४७,९७३. मनू तेव्हा एकदम टाळी वाजवून उठली होती, आणि मला वाटलं, चला, ही आपल्यातली आहे.

तो आकडा नुसता सजावटीला ठेवलेला नाही. दुसऱ्या वर्षात तोच रॉझलिनला कोपऱ्यात ढकलतो. जन्मभर बायकांच्या हक्काच्या बाजूनं उभी राहिलेली ही बाई गर्भपातावर बंदी घालते, कारण फळ्यावरचा आकडा घटतोय. तिच्या चेहऱ्यावर दिसतं की तिला हे नको आहे. आणि तिचा उपराष्ट्राध्यक्ष, शास्त्रज्ञ बाल्टार तोच मुद्दा उचलून तिच्याविरुद्ध निवडणुकीला उभा राहतो. फळा, कायदा, निवडणूक, आणि पुढचं सगळं महाभारत. यातलं मूरला आधी किती ठाऊक होतं याच्याशी मला कर्तव्य नाही. वहीत जे लिहिलं होतं त्याच्याशी तो प्रामाणिक राहिला.

आणि गेटा. दादाला मी गेटाबद्दल नीट सांगू शकले नाही, मधेच आईनं हाक मारली. फीलिक्स गेटा हा गॅलॅक्टिका या युद्धजहाजाच्या नियंत्रण कक्षात उभा राहून आकडे वाचणारा एक अधिकारी. सुरुवातीला तो फक्त एक आवाज आहे. सायलॉनांनी माणसांच्या वसाहतीवर ताबा मिळवल्यावर तो राष्ट्राध्यक्ष झालेल्या बाल्टारच्या कार्यालयात काम करत राहतो आणि आतल्या बातम्या गुपचूप बंडखोरांना पोचवतो. खूण म्हणजे कुत्र्याचं उपडं घातलेलं भांडं. सुटका झाल्यावर त्याचेच सोबती त्याला गद्दार ठरवून अवकाशात फेकायला निघतात. त्या भांड्याचा उल्लेख होतो आणि केवळ तेवढ्यानं तो वाचतो. पुढे एका मोहिमेत आपलाच एक माणूस त्याच्या पायावर गोळी झाडतो. परतायला उशीर झाला म्हणून पाय कापावा लागतो. गोळी झाडणारा स्वतः सायलॉन होता हे त्याला नंतर कळतं. पाय कापलेला हा माणूस रुग्णकक्षात पडून गातो. आणि जेव्हा ताफ्याचा सेनापती ॲडामा सायलॉनांशी हातमिळवणी करतो, तेव्हा हाच शांत, आकडे वाचणारा गेटा बंड करून उठतो.

बंड चुकीचं आहे. त्यात निरपराध मरतात. तरी मला तिन्ही खेपांना त्याचा राग आला नाही, कारण मी त्याची सगळी बिलं पाहिली होती. बंड फसून गोळ्या झाडणाऱ्या तुकडीसमोर बसवल्यावर तो नसलेल्या पायाची खाज थांबली एवढंच म्हणतो, आणि गोळ्या सुटतात. चार वर्षांत एका दुय्यम पात्राचं असं झालं. आधी आखलं असतं तर कदाचित इतकं खरं उतरलं नसतं. लेखक दरवेळी मागे वळून वही बघत होते, या माणसाचं आपण काय देणं लागतो ते. दादाच्या ‘पाया नाही’ला माझं उत्तर गेटा आहे.

मग शेवट? २००९ च्या मार्चपासून चाहते त्या शेवटावर भांडताहेत, आम्हीही काल तेच केलं. दादाला सगळ्यात खटकतं ते वैमानिक स्टारबकचं हवेत विरून जाणं, आणि सगळ्याचा धागा देवाच्या हाती देणं. यात मी त्याच्या बाजूनं नाही. देव या मालिकेत पहिल्या दिवसापासून आहे. बाल्टारला दिसणारी, सहा क्रमांकाच्या सायलॉनच्या रूपातली ती बाई आरंभापासून देवाबद्दलच बोलते. आणि शीर्षकसंगीतात तर चक्क गायत्री मंत्र आहे. परवा आम्ही लावलं तेव्हा आई आतल्या खोलीतून म्हणाली, “या वेळेला कोण गं मंत्र म्हणतंय?” तिला आणून बसवलं, तिनं शीर्षकं संपेपर्यंत ऐकलं, उच्चार ठीक आहेत म्हणाली आणि परत गेली.

मला खटकतं ते दुसरंच, आणि ते मला मनूनं दाखवलं. उरलेली सुमारे ३९ हजार माणसं हिरव्या पृथ्वीवर उतरतात. ॲडामाचा मुलगा ली म्हणतो, नवं शहर नको, यंत्रं नकोत, कोऱ्या पाटीनं सुरुवात करू. सगळी जहाजं सूर्यात सोडून देतात. मी तिन्ही वेळा त्या दृश्याच्या संगीतानं भारावून गेले होते. काल मनू उशी मांडीवर घेऊन म्हणाली, “आई, पण इन्सुलिन घेणाऱ्यांचं काय?”

दादा गप्प झाला. मीही. रोज रात्री आजीला इन्सुलिन मनूच टोचते. तिला हा प्रश्न पडायला मालिका तीनदा बघावी लागली नाही.

खरंच, काय? ही तीच माणसं, जी पाण्यावरून भांडली. इंधन शुद्ध करणाऱ्या जहाजावर मजुरांनी संप केला. औषधांचा काळाबाजार झाला, निवडणुकीत मतांची अफरातफर झाली, अलीकडेच बंड झालं. चार वर्षं एकमत म्हणून कशावर झालं नाही, आणि औषधं, दवाखाना, डोक्यावरचं छप्पर सूर्यात फेकायला सगळे एका वाक्यात तयार? एकही बाई पोर काखेला मारून उभी राहून ‘नाही’ म्हणत नाही? गेटाचा हिशेब शेवटच्या पैपर्यंत लिहिणाऱ्या लेखकांनी इथे वही मिटली. स्टारबक विरली तर विरली. मला त्या ३९ हजारांचा आवाज विरलेला सोसत नाही. माझ्या मते या शेवटाची चूक एवढीच आहे, आणि ती मोठी आहे.

मालिका तरीही माझी लाडकीच राहणार. म्हणूनच इतकं लागतं.

स्टँडवर दादा म्हणाला, “गेटाचे सगळे भाग मी क्रमानं परत बघतो. पण तूही बॅबिलॉनच्या दुसऱ्या वर्षातला विसावा भाग बघ, लोंडोची खिडकी.” मला ती आठवते. जकारच्या ग्रहावर वरून दगडांचा मारा चाललाय, आणि ज्याच्या शब्दामुळे तो चाललाय तो लोंडो जहाजाच्या काचेपाशी उभा. एक अक्षर बोलत नाही. काचेत त्याचा चेहरा आणि पलीकडे जळतं जग. हाही हिशेबच. दादाला फोनवर सांगायला हवं की आपण दोघं बहुधा एकाच गोष्टीवर प्रेम करतोय.

मघाशी आजीचं इन्सुलिन देऊन मनू फ्रिजचं दार लावता लावता म्हणाली, “त्यांच्याकडे तो डॉक्टर कॉटल होता ना, सारखा सिगारेट ओढणारा? त्याला एक वाक्य द्यायला हवं होतं.” बरोबर आहे. तो असा गप्प बसणारा माणूसच नव्हे. मग आम्ही दोघी स्वयंपाकघरात उभ्या राहून ते वाक्य शोधत बसलो. तो काय म्हणाला असता, कुणाला, किती शब्दांत. पाच-सहा करून पाहिली. अजून जमलेलं नाही.