शिंजिराची तार : परभणीतल्या ओसरीतली नोंदवही

मंडळी, यंदाची वही एकदाची शेवटपर्यंत गेली. गेल्या वर्षीची तिसऱ्याच पानावर थांबली होती. फाटकावरच्या बोगनवेलीत जांभळ्या शिंजिराचं, म्हणजे फुलातला मध पिणाऱ्या इवल्याशा पक्ष्याचं, घरटं होतं, मी रोज मोबाइलची टॉर्च लावून आत डोकावायचो आणि एका सकाळी घरटं बाजूने फाटलेलं दिसलं. कोणी फाडलं ते पाहिलं नाही, पण वाट मीच दाखवली असं माझं मत आहे. म्हणून यंदा एकच नियम केला : दिवाणावरून उठायचं नाही. दिवाण ते घरटं बारा फूट. जुनी दुर्बीण पुरते.

९ मार्च. कपडे वाळत घालायच्या तारेचं एक टोक ओसरीत हातभर लोंबतं. मादी त्यावर चोच पुसतेय असं आधी वाटलं. नीट पाहिलं तर चोचीत कोळ्याचं जाळं. ते तारेला गुंडाळायचं, चोचीने दाबायचं, की परत छताच्या कोपऱ्यात दुसरं आणायला. घराचा पायाच जळमटांचा! आणि आमच्याकडे नेमकी पाडव्याची झाडलोट निघालेली. आई म्हणाली, "सण तोंडावर आला अन् तू जळमटं ठेव म्हणायलास?" दोन कोपरे तहात मिळवले.

पुढचे दहा दिवस बांधकाम. गवताच्या काड्या, सालीचे तुकडे, अळ्यांची विष्ठा, सगळं जाळ्यात अडकवलेलं. लांबून वाटावं, वाऱ्याने कचरा येऊन लटकलाय. दारावर मात्र छोटी पडवी काढलेली. आतल्या गादीला कापूस कुठून आला? आई दुपारी ओसरीत वाती वळत बसते, तिच्या डब्यातून. आईने हात थांबवला की मादी डब्याच्या कडेवर. नराने यातलं काही केलं नाही. शेवग्याच्या शेंड्यावर बसून गायचा, पंख उघडून काखेतले पिवळे-नारिंगी झुपके दाखवायचा. आता निळा-काळा चमकतोय. विणीचा काळ सरला की हाच मादीसारखा मळकट होणार, गळ्याखाली एक काळी रेघ तेवढी उरणार.

२० ते २४ मार्च. घरटं तयार, मादी गायब. मी वहीत 'सोडलं बहुतेक' लिहून टाकलं. घाई झाली. घरटं झाल्यावर अंडी घालायला काही दिवस जातात, हे वाचलेलं ऐन वेळी आठवत नाही.

२६ मार्च. मादी बसली. पडवीखालून चोच आणि एक डोळा, बाकी काही नाही. कपडे तेव्हापासून गच्चीवर.

१० एप्रिल. अंड्यातून पिल्लं आली असणार, कारण पंधराव्या दिवशी मादी चोचीत कोळी घेऊन आली. शिंजीर म्हणजे फुलातला मध पिणारा, एवढंच आपण धरून चालतो. पिल्लांचं अंग मात्र किड्यांवर आणि कोळ्यांवर भरतं. नरही आता कामाला लागला. सकाळी ७ ते ८ मोजलं : मादी ९ फेऱ्या, नर ५. परतताना पिल्लाने टाकलेली विष्ठेची पांढरी पिशवी चोचीत धरून लांब नेऊन टाकायची, म्हणून घरट्याखाली फरशी स्वच्छ.

१६ एप्रिल. ओसरीत ४२ अंश. दारातून दोन चोची, दोन्ही वासलेल्या. पश्चिमेच्या बाजूला आईची जुनी साडी बांधली, तीसुद्धा टप्प्याटप्प्याने : आधी अर्धी, मादी दहा मिनिटांनी आत गेली तेव्हा उरलेली. नियम मोडला, हे कबूल.

१८ एप्रिल. भारद्वाज कुंपणावर! आपल्याकडे त्याचं दर्शन शुभ. आईने हात जोडले. तो मात्र मान वाकडी करून तारेकडेच बघत होता. अंडी-पिल्लं खाणारा पक्षी आहे हा, असं मी दबक्या आवाजात सांगितलं. आईने हात सोडले आणि काठी उचलली. "दर्शन झालं देवा, आता निघ." लालभडक डोळ्यांनी एकदा बघून तो शेजारच्या अंगणात उतरला. मला विचाराल तर त्यालाही पिल्लं असतील. पण त्या घडीला माझाही हात काठीकडेच गेला होता.

२४ एप्रिल. सकाळी साडेसहाला एक पिल्लू उडालं. दुसरं जास्वंदीच्या फांदीला धरून दीड तास चिवचिवत राहिलं, मादी चारा दाखवून जरा लांब बसायची. आठ वाजता दोघंही शेवग्यावर. घरट्याचे फोटो मागू नका, काढलेच नाहीत.

२ मे. बायको विचारतेय, तार मोकळी कधी होणार. मी काही बोललो नाही, कारण आज सकाळी मादी परत वातीच्या डब्यावर होती. कापूस घेतला, तारेकडे वळूनही पाहिलं नाही आणि थेट फाटकावरच्या बोगनवेलीत शिरली. दिवाणावरून ते फाटक दिसत नाही.