आठव्या तासाला भेटू

प्रेमकथेत भेटीची वेळ ठरली की निम्मं काम झालं, असं लेखकाला वाटतं. समजा, आजचा एक मुंबईकर तरुण काळाच्या फटीतून घसरून रोमन सम्राट हेड्रियनच्या राजवटीत (इ. स. ११७ ते १३८) रोमजवळच्या ओस्तिया बंदरात पोहोचला. तिथे धान्याच्या कोठारात हिशेब लिहिणाऱ्या एका पुरुषावर त्याचा जीव जडला. हा हिशेबनीस म्हणाला, 'उद्या आठव्या तासाला स्नानगृहापाशी ये.' आपला नायक सकाळी आठला भांग पाडून हजर, आणि दार बंद!

रोमन लोक सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेचे बारा सारखे भाग करत. त्यामुळे तास उन्हाळ्यात फुगे आणि हिवाळ्यात आकसे. रोमच्या अक्षांशावर जूनमध्ये एक तास आपल्या सुमारे ७५ मिनिटांचा, डिसेंबरमध्ये ४५ मिनिटांचा. सहावा तास संपला की माध्यान्ह. म्हणजे आठवा तास लागतो तो हिवाळ्यात पाऊण वाजता आणि भर उन्हाळ्यात सव्वा वाजता. तेसुद्धा सगळ्यांच्या मते एकाच वेळी नव्हे. रोमच्या चौकातलं पहिलं सूर्यघड्याळ इ. स. पू. २६३ मध्ये सिसिलीतल्या कातानियाहून लुटून आणलेलं. त्यावरच्या रेषा चार अंशांहून अधिक दक्षिणेकडच्या गावासाठी आखलेल्या, तरी ९९ वर्षं तेच चाललं. दोन घड्याळांचं एकमत होण्याआधी दोन तत्त्वज्ञांचं होईल, असं रोमन तत्त्वज्ञ सेनेकाने लिहून ठेवलंय. तेव्हा 'बरोबर पाच वाजून दहा मिनिटांनी त्यांची नजरानजर झाली' हे वाक्य खोडावं. लवकर यायचं आणि पायरीवर ताटकळायचं, ही तिथली रीत. प्रेमकथेला ती सोयीचीच आहे.

आठवाच तास का? आजारी माणूस सोडून कोणी त्याआधी सार्वजनिक स्नानगृहात जाऊ नये, असा हेड्रियनचा हुकूम असल्याचं त्याच्या चरित्रात आहे. शिवाय हिशेबनिसाची सकाळ त्याची स्वतःची नसते. तो पूर्वीचा गुलाम. धन्याने मोकळं केलं, तरी नातं तुटत नाही. दिवसाचे पहिले दोन तास जुन्या धन्याच्या दारी मुजऱ्याला जायचं, आणि मोकळीक देताना कामाचे दिवस कबूल करून घेतले असतील तर तेही भरून द्यायचे.

इथे बहुतेक गोष्टींचा पाय घसरतो. आपण १८६०च्या कलम ३७७चा चष्मा लावून जातो आणि पुरुषाने पुरुषावर प्रेम करणं हाच गुन्हा धरून चालतो. रोमन समाजाची चौकशी वेगळी असे: कोण नागरिक, कोण गुलाम, कोणाचा हात वर? नागरिकाने आपल्या गुलामाला जवळ केलं तर कोणाची भुवई उंचावत नसे. गुलामाच्या होकाराची तर कोणाला पर्वाच नव्हती. पण प्रौढ नागरिक दुसऱ्या पुरुषापुढे नमता झाला की टिंगल ठरलेली. दोघांनी बरोबरीने एकमेकांवर प्रेम करायचं, याला त्या समाजात खणच नव्हता. कथेतला खरा पेच हा. म्हणूनच हेड्रियन आणि त्याचा लाडका तरुण अँटिनूस ही सगळ्यांची लाडकी जोडी मला या कामाला कच्ची वाटते. सम्राटाला नाही म्हणायची सोय कोणाला होती?

नायकाची ओळख मात्र मराठी माणसाला सोपी आहे. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून गोमेदासारखे खडे आणि तगरहून, म्हणजे आपल्या तेरहून, कापड गाड्यांनी भडोचला जातं अशी नोंद आहे. तेव्हा 'पैठणचा खड्यांचा व्यापारी' हे सोंग खपून जाईल. टोगा, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायचं लांब वस्त्र, नेसवू नये; तो फक्त नागरिकांचा. गुडघ्यापर्यंत अंगरखा, कमरेला पट्टा, बाह्या आखूड. लांब बाह्या बायकी समजत. आणि एका बोटाने डोकं खाजवू नये! ती पुरुषांच्या मागे लागणाऱ्या पुरुषाची खूण मानत. रोमन सेनापती पाँपेला याच सवयीवरून भर सभेत चिडवलं होतं. नायक विचारात पडून नकळत डोकं खाजवतो आणि समोरचा हिशेब लिहिता लिहिता थांबतो: पहिल्या भेटीला याहून चांगला प्रसंग शोधून सापडणार नाही.

स्नानगृहात साबण शोधू नका. अंगाला ऑलिव्ह तेल चोळायचं, घाम काढायचा, मग तेल-मळ धातूच्या वाकड्या पट्टीने खरवडायचा. पाठीला दुसऱ्याचा हात लागतो, हे सांगायला नकोच. कपड्यांवर लक्ष ठेवायला माणूस बसवावा, कारण चोऱ्या फार. इंग्लंडमधल्या बाथ इथल्या पवित्र झऱ्यात कपडेचोरांना शाप देणारे शिशाचे पत्रे सापडले आहेत.

खरी पंचाईत एकांताची. गरिबाची खोली वरच्या मजल्यावर, बहुधा चुलीविना, आणि भिंती आपल्या चाळीइतक्याच बोलक्या. रोम शहरात तर दिवसा बहुतेक गाड्यांना बंदी असल्यामुळे रात्रभर चाकांचा खडखडाट. तिथे कुजबुजीचे संवाद लिहू नयेत. श्रीमंताच्या घरी दाराशी गुलाम असायचाच.

शेवटी विरह आणि पत्र. मेणाच्या पाटीवर लिहिलं तर पुढचा निरोप लिहिताना पहिला पुसला जातो; फार तर टोचणीचे ओरखडे खालच्या लाकडावर उरतात. ओस्तियात ठेवलेला पपायरसचा कागद कुजणार. पत्र आजच्या संग्रहालयात नायकाच्या हाती पडायला हवं असेल, तर हिशेबनिसाला धान्याच्या जहाजातून इजिप्तला पाठवा आणि कोरड्या वाळूतल्या उकिरड्यात ते टाकायला लावा. नाहीतर रोमन ब्रिटनच्या उत्तर सीमेवर विंडोलँडाच्या छावणीत बदली करा. तिथल्या हवाबंद चिखलात शाईने लिहिलेल्या पातळ फळ्या टिकल्या. वाढदिवसाचं आमंत्रणही सापडलंय. वाळू की चिखल, हे मात्र पहिल्या प्रकरणाआधी ठरवा, कारण हिशेबनीस कोणत्या मालकाकडे आणि कोणत्या बंदरात नोकरीला आहे, ते त्यावरच ठरेल.