नोंद नाही याची नोंद

"नोंदच नाही, तर दाखला कशाचा देऊ?"

हे वाक्य मी एकाच खोलीत, चार महिन्यांत, तीन वेगवेगळ्या माणसांकडून ऐकलं. आता पाठ झालंय. कुणाला विधवा बाईचं निराधार अनुदान सुरू करून द्यायचं असेल आणि नवऱ्याच्या मृत्यूची नोंद सापडत नसेल, तर तुम्हीही ते ऐकणार. म्हणून हे लिहितेय. थोडा रागही आहे, लपवत नाही.

आम्ही पंढरपुरातली आठ-दहा माणसं वारी झाली की वाळवंट साफ करायला उतरतो. संस्था वगैरे काही नाही, पावतीपुस्तकही नाही. आषाढीच्या दुसऱ्या दिवशी पुंडलिकाच्या देवळापासून खाली बघवत नाही. चंद्रभागेत सोडलेली लुगडी-धोतरं चिखलात रुतलेली असतात, ती ओढून काढताना खांदे भरून येतात. वर पत्रावळ्या, झेंडूचा लगदा, चुरमुऱ्यांच्या पिशव्या. २०२४ ची आषाढी १७ जुलैला होती. १८ तारखेला आमच्याबरोबर एक मावशी वाकून कपडे गोळा करत होत्या. तुळशीच्या माळा ओवून विकतात, एका मठात झाडलोट करतात, तिथेच जिन्याखाली राहतात. २००१ पासून. चहा पिताना सहज विचारलं, "मावशी, पगार चालू आहे ना?" निराधारच्या पैशाला इकडे पगारच म्हणतात. तर नव्हता. कुणी फॉर्मच भरला नव्हता.

मला वाटलं, महिनाभराचं काम. संजय गांधी निराधार अनुदान योजना, महिन्याला १५०० रुपये. वय ६५ च्या आत, मावशींचं ६१. वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत, ते तर उघडच. महाराष्ट्रात १५ वर्षं वास्तव्य. आधार होतं, रेशन कार्ड होतं, बँकेत खातं उघडलं, उत्पन्नाचा दाखला आठवड्यात मिळाला. राहिला एकच कागद: पतीच्या मृत्यूचा दाखला.

नवरा वारला १९९८ साली, मराठवाड्यातल्या त्यांच्या गावी, घरातच. दवाखाना नाही, पोस्टमॉर्टेम नाही. नोंद करायची असते हे कुणाच्या गावी नव्हतं. वर्षाच्या आत नोंद झाली नसेल तर नुसत्या अर्जावर होत नाही, वरचा आदेश लागतो. पूर्वी त्यासाठी कोर्टात जावं लागे. १९६९ च्या कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली आणि ते काम महसूलकडे आलं. पण त्या आदेशाआधी ग्रामपंचायतीने लिहून द्यायचं असतं की आम्ही रजिस्टर तपासलं, नोंद नाही. याला अनुपलब्धता प्रमाणपत्र म्हणतात, नमुना १०. काही नाही याचा दाखला. आणि नेमका तोच मिळेना.

पहिल्या खेपेला आम्ही दोघी पहाटेच्या एसटीने बार्शीमार्गे गेलो. बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून बरं, नाहीतर १५०० रुपयांच्या पगारापायी प्रवासालाच कर्ज झालं असतं. कार्यालयाला कुलूप. ग्रामसेवकांकडे तीन गावं, या गावाला ते मंगळवारी. आम्ही गेलो गुरुवारी. (त्या पदाला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं. नाव लांबलं, खुर्ची रिकामीच.) दुसऱ्या खेपेला मंगळवार साधला, तर साहेब पंचायत समितीत मीटिंगला. शिपाई म्हणाला, "नोंदच नाही, तर दाखला कशाचा देऊ?" म्हटलं तू देऊच नकोस बाबा, साहेबांना दे म्हणावं.

तिसऱ्या खेपेला साहेब भेटले. रजिस्टर न उघडताच तेच वाक्य. मी म्हटलं, नोंद नाही हेच लिहून द्या. ते म्हणाले, "असं कसं लिहून देणार? उद्या नोंद निघाली तर?" मग शोधा म्हटलं. तर म्हणाले, त्या काळात गाव शेजारच्या गट ग्रामपंचायतीत होतं, विभक्त नंतर झालं, जुनी रजिस्टरं तिकडे. तिकडे गेलो. ते म्हणाले, विभाजनात सगळं दप्तर तुमच्याकडे दिलंय. दोन गावांत चार किलोमीटर अंतर, वाहन नाही. मावशी पायात स्लीपर घालून पुढे चालत होत्या आणि मलाच म्हणत होत्या, "ताई, दमलात का?"

परत आलो तर साहेब जेवायला गेलेले. तीन तास बसलो. म्हणजे मी बसले. खुर्ची एकच होती आणि मावशी सरकारी ऑफिसात खुर्चीवर बसत नाहीत. त्या भिंतीला टेकून उभ्या. त्यांच्या डोक्याच्या बरोबर वर काचेच्या फ्रेममध्ये ग्रामसभेचा ठराव: विधवा प्रथा बंद. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने असा ठराव केला, त्याच महिन्यात शासनाचं परिपत्रक निघालं, मग गावोगावी ठराव झाले. चांगलंच झालं. कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, सन्मानाने वागवायचं. फ्रेमवर धूळ नव्हती, रोज पुसत असावेत.

इथे एक सांगायचं राहिलं, ते आधी सांगायला हवं होतं: तोंडी काही मागू नका. मी तीन खेपा तोंडीच बोलत राहिले, हा माझाच गाढवपणा. चौथ्या खेपेला दोन प्रतींत अर्ज नेला, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला, खाली "प्रत माहितीस्तव: गटविकास अधिकारी" लिहिलं आणि लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा उल्लेख केला. शिक्का मारताना लिपिकाने एकदा ते वाक्य म्हणून घेतलं, पण हात जरा थांबला होता. डिसेंबरमध्ये नमुना १० हातात पडला. अर्ध्या पानाचा कागद. १९९८ चं रजिस्टर कपाटात होतं, शेवटची काही पानं वाळवीने खाल्लेली.

आणि जानेवारी २०२५ मध्ये बनावट दाखल्यांच्या तक्रारींवरून शासनाने राज्यभर उशिराच्या जन्म-मृत्यू नोंदींना स्थगिती दिली. बनावट दाखले काढणारे काढतात आणि थांबतं कोण, तर २७ वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाची बायको. मार्चमध्ये नवी कार्यपद्धती आली, कागद वाढले. पोलिसांचा अहवाल, जाहीर प्रगटन, आणि मृत्यू झाल्याचा काहीतरी पुरावा.

प्रतिज्ञापत्राला पाचशेचा स्टॅम्प घ्या असं बाहेरचा कुणीतरी सांगेलच. घेऊ नका. शासकीय दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, साध्या कागदावर चालतं. आम्ही पाचशे घालवून बसलो तेव्हा कळलं.

पुरावा कुठून आणायचा? गावातल्या एका म्हाताऱ्या कोतवालाने सुचवलं, सासऱ्याच्या वारसाचा फेरफार बघा, म्हणजे जमिनीवर वारसांची नावं लावल्याची नोंद. ही या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट. सासरा नंतर वारला असेल तर वारस लावताना आधी गेलेल्या मुलाचा उल्लेख येतो. तलाठ्याकडून नक्कल काढली. २००३ चा हाताने लिहिलेला फेरफार. त्यात स्वच्छ होतं: मधला मुलगा १४ ऑगस्ट १९९८ रोजी मयत, निपुत्रिक. आणि जमीन दोघा भावांच्या नावावर. मावशींचं नाव कुठेच नाही.

मी ते तीनदा वाचलं. हिंदू वारसा कायदा १९५६ चा आहे, त्यात आधी मेलेल्या मुलाची विधवा पहिल्या वर्गाची वारस आहे. तलाठ्याला ठाऊक नसेल असं नाही. मावशींना वाचता येत नाही. वाचून दाखवू की नको, याचा विचार करत एसटी स्टँडवर दोन चहा झाले. शेवटी दाखवलं. त्या म्हणाल्या, "राहू द्या ताई. तारीख तरी खरी लिहिली त्यांनी."

त्या एका ओळीवर जूनमध्ये आदेश निघाला. दाखला हातात आल्यावर मावशींनी विचारलं, "म्हणजे आता ते सरकारातबी गेले का?" हो म्हटलं. पुढचं सरळ होतं: अर्ज, तालुक्याच्या समितीची मंजुरी, पैसे थेट खात्यात. फक्त खातं आधारशी जोडलेलं आहे का ते आधीच बघा, आणि दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला विसरू नका. आधारवर आणि रेशन कार्डावर नावाचं स्पेलिंग वेगळं असेल तर तेही सगळ्यात आधी दुरुस्त करा. आमचं नशिबाने जुळलं.

पंढरपुरात विधवांचं येणं काही आजचं नाही. प्रार्थना समाजाने १८७५ मध्ये इथे बालकाश्रम काढला, तो टाकून दिलेल्या पोरांसाठी, आणि त्यांतली किती विधवांची होती हे गावातले जुने लोक आवाज खाली करून सांगतात. त्या बायकांची नोंद कुठे शोधायची, कुणास ठाऊक.

पहिले पैसे कार्तिकीच्या आधी जमा झाले. मावशींनी त्यातून माळांसाठी दोऱ्याची रिळं आणि एक शाल घेतली, आणि द्वादशीला नेहमीसारख्या वाळवंटात आल्या. जमिनीचं काय करायचं, म्हणून मी पुन्हा विचारलं. "दिरांची पोरं माळ घ्यायला येतात वारीत," एवढंच बोलल्या आणि चिखलातलं एक लुगडं ओढायला लागल्या. दुसरं टोक मी धरलं. फेरफाराची नक्कल अजून माझ्या कपाटात आहे.