सहीसाठी अडलेली कामं

धंदा वाढला की आधी तुंबतात त्या मंजुऱ्या. आमच्याकडे खरेदीच्या मागण्या रोज साधारण 10 येतात, तेवढ्याच निघतात, आणि साहेबांकडे 40 पडून असतात. म्हणजे प्रत्येक मागणी सरासरी 4 दिवस नुसती बसून! अमेरिकी संशोधक जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेलं गणित हेच सांगतं: थांबण्याचा सरासरी वेळ म्हणजे रांगेतली संख्या भागिले रोजची आवक. सॉफ्टवेअर आणलं, तर रांग फायलीतून स्क्रीनवर गेली, एवढंच.

माझ्या मते किरकोळ खरेदीला विभागप्रमुखाची सही पुरे. प्रिंटरच्या शाईसाठी संचालक कशाला हवेत? पण अधिकार सोडायचे म्हटलं की पोटात गोळा येतो. ‘उद्या काही झालं तर जबाबदार कोण?’ असं कुणीतरी हटकून विचारतं, आणि विषय पुढच्या मीटिंगवर जातो.